रुमालाखालचा सौदा

"या. कावून आलात?"

तुम्ही काचेचं जड दार ढकलून आत येता. अंगावर थंड हवा येते, पायाखाली संगमरवर असतो, कोपऱ्यात पितळेच्या घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या तरंगत असतात. आणि काउंटरमागचा माणूस तुम्हाला विचारतो, कावून आलात, म्हणजे का आलात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला वाटायचं, आपलं काही चुकलं. आमच्या भागातल्या माणसाला वाटायचं, चला, घरचं कोणीतरी भेटलं.

हॉटेल बीडच्या भर चौकात आहे. बाराच खोल्या, पण ऐट मोठी. खाली रिक्षांचा गलका, मोबाइलची दुकानं, फळांचे हातगाडे. वर लिफ्टला आरसे आणि पलंगावर टॉवेलचे दोन हंस, एकमेकांकडे तोंड करून बसवलेले. नेकनूरचा माझ्या ओळखीचा एक माणूस तिथे पहिल्यांदा उतरला तेव्हा हंस मोडू नयेत म्हणून सोफ्यावर झोपला होता.

काउंटरवरच्या त्या माणसाला सगळे चाचा म्हणायचे. साठी उलटलेली, दाढीला मेंदी, हॉटेलनं दिलेला काळा कोट एक माप मोठा. डाव्या हातावर कायम एक पांढराशुभ्र रुमाल, घडी घालून टाकलेला. वाढप्याच्या हातावर असतो तसा. मालक म्हणायचा, चाचा, तुम्ही वाढपी नाही, मॅनेजर आहात, तो रुमाल ठेवा खाली. चाचा म्हणायचे, "हात उघडा उघडा वाटतो."

मालकानं एकदा पुण्याहून एक शिकवणारा आणला. त्यानं सगळ्या स्टाफला दोन दिवस हसायला आणि 'वेलकम सर, हाऊ मे आय हेल्प यू' म्हणायला शिकवलं. चाचांनी मन लावून पाठ केलं. तिसऱ्या दिवशी मी दारातून आत शिरलो तर चाचा छान हसले आणि म्हणाले, "वेलकम सर. कावून आलात?"

मालकानं त्यानंतर नाद सोडला.

पण हा नुसता बोलायचा प्रकार नव्हता, हे मला पुढे कळलं. उत्तर ऐकून चाचा खोली ठरवायचे. दवाखान्यासाठी आलेल्याला पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या जवळ. कोर्टाच्या तारखेला आलेल्याला मोठ्या आरशाची खोली, म्हणजे जबानीची तयारी करता येते. लग्नाला आलेल्यांना पाच नंबर, कारण त्यांना झोपायचंच नसतं.

पाच नंबर. याच खोलीवरून आमचं बिनसलं.

पाच नंबर कोपऱ्यावर आहे आणि तिला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. काचेखाली अख्खा चौक. त्या चौकातल्या समोरच्या फुटपाथवर मी ऐन विशीत पोतं अंथरून बसायचो. बैलांचे कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकायचो. तेव्हा या हॉटेलच्या जागी तुरीचं गोदाम होतं. नगरपालिकेची गाडी आली की पोतं चारी कोपऱ्यांनी उचलून पळायचं, गाडी गेली की परत अंथरायचं. पुढे मी बैलांच्या सौद्यात पडलो. बैल कमी झाले तसा जुन्या ट्रॅक्टरांकडे वळलो. आज घाटनांदूरपासून बीडपर्यंत कोणालाही विचारा, जुना ट्रॅक्टर घेताना लोक मला बरोबर नेतात, आणि विकताना मला टाळतात.

तर ज्या फुटपाथवरून मी पळायचो तो वरून, काचेतून, बशीत कप ठेवून चहा पिताना कसा दिसतो ते मला पाहायचं होतं. एवढंच. हॉटेल झाल्याचं कळलं त्या दिवसापासून डोक्यात तेच होतं.

पहिल्यांदा गेलो त्या दिवशी मी तीन रात्री धड झोपलो नव्हतो. एका ट्रॅक्टरच्या नावबदलीवरून समोरच्या पार्टीशी तंटा चालू होता. चाचांनी विचारलं, कावून आलात. मी म्हणालो, "भांडायला."

"बरं," ते म्हणाले. "जेवून भांडणार का आधी?"

मी भाडं कमी करायला सांगितलं. मी देवळातल्या नारळाचाही भाव करतो, इथे सोडणार नव्हतोच. चाचांनी मागच्या पाटीकडे बोट केलं. "रेट मालकाचा हाय शेठ, तो पाटीवर लिव्हलाय. माझ्या हातात फक्त खोली. खोलीवर बोला."

मी बोलणारच होतो, तेवढ्यात मागे एक लग्नाचं वऱ्हाड आत आलं. नवऱ्याचा मामा माझ्या खांद्यावरून पुढे वाकून, "ती काचेची खोली आम्हाला," असं दोनदा म्हणाला. मी खवळलो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, हातावरचा रुमाल काढला, काउंटरवर स्वतःच्या हातावर पसरला आणि हळूच म्हणाले, "शेठ, चारचौघात कावून? हात द्या."

माझा विश्वास बसेना. बैलबाजारात आम्ही उपरण्याखाली असेच हात घालतो. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा मुठीत घेतला की पाच. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांतच राहतो. आणि एक दंडक आहे. रुमालाखाली दाबलेला आकडा तोंडावर आणायचा नाही. सौदा झाला तरी नाही, फिसकटला तरी नाही. जो आणतो त्याच्या हातात परत कोणी हात देत नाही.

"तुमाला हात कसा काय ठाऊक?" मी विचारलं.

"आमी बागवान. आज्यापासून फळांचा धंदा. भाऊ आजून खाली गाडा लावतो."

संगमरवर, एसी, गुलाबाच्या पाकळ्या आणि त्यात हाताचा सौदा जाणणारा माणूस. मला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. मी रुमालाखाली हात घातला आणि त्यांचा सगळा पंजा मुठीत घेऊन दाबला. पाच.

चाचा क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे एकदम मऊ झाले. "पक्कं?"

"पक्कं."

वेटरनं माझी पिशवी आणि दाराचं कार्ड घेतलं आणि मला वर नेलं. दार उघडलं तर नऊ नंबर. मागची बाजू. खिडकीत एक कडुलिंब आणि शेजारच्या घराची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेल्या कुरडया.

मी खाली आलो तेव्हा लग्नाचा मामा पाच नंबरचं कार्ड नाचवत लिफ्टमध्ये शिरत होता.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"कावून?" चाचा खरंच गोंधळले. "हाताचंच तर केलं शेठ."

आता सांगा, मी काय बोलणार. आकडा तोंडावर आणायचा नाही. मी दात ओठ खात वर गेलो, भांडणाची उजळणी करावी म्हणून पलंगावर आडवा झालो आणि थेट दुसऱ्या दिवशी साडेआठला उठलो. आरटीओत इतका शांतपणे बोललो की समोरची पार्टी घाबरली आणि सही करून मोकळी झाली. पण त्यानं माझा राग कमी झाला नाही. सौदा तो सौदा.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या हॉटेलात जायचं. का म्हणून? मी गेलो असतो तर हक्क सोडल्यासारखं झालं असतं. मी पाच-सहा वर्षं, महिन्यातून एकदा तरी, त्याच हॉटेलात उतरलो. काउंटरवर जायचो आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणायचो, "ठरलंय ते द्या."

चाचा आनंदानं म्हणायचे, "ठरलंय तेच देतो." आणि नऊ नंबरचं कार्ड पुढे करायचे.

इतकं गोड तोंड करून शब्द मोडणारा माणूस मी बाजारात पाहिला नव्हता.

एरवी तक्रारीला जागा नव्हती. मला आमलेट आणि पाव जात नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हापासून सकाळी माझ्या ताटात चांदीच्या झाकणाखाली ज्वारीची भाकरी यायची. ती कुठून यायची ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा म्हणालो, हे तुमच्या मेनूत नाही. तर म्हणाले, "मेनूत तुमी तरी कुठं हाव?"

एसीच्या रिमोटवर, चालू करायच्या बटणाला, त्यांनी माझ्यासाठी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. हंस मी मोडत नाही हे कळल्यावर माझ्या खोलीत नुसते घडी घातलेले टॉवेल येऊ लागले. मी हे सगळं घेत होतो आणि मनात म्हणत होतो, लाच देतोय म्हातारा. चूक केलीय ना, म्हणून.

एकदा मी त्यांना चिडवायला विचारलं, "चाचा, तुमी फळांचा धंदा सोडून इथं कावून आलात?"

"फळ पिकायची वाट बघत बसावं लागतं शेठ. माणूस पिकूनच येतो इथं. फक्त कुठं ठेवायचा ते बघायचं."

मी हसलो. लगेच आठवलं की आपला राग आहे, आणि हसू आवरलं.

मग गेल्या दसऱ्याला व्हायचं ते झालं. नारायणगडाला मेळाव्याची गर्दी, बीडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मी फोन न करताच गेलो. बाहेर पांढऱ्या गाड्यांची रांग, आत पुढाऱ्यांची माणसं, प्रत्येकाला खोली पाहिजे. त्यातला एक पांढरे कपडेवाला काउंटरवर हात आपटून म्हणत होता, "नऊ नंबर रिकामी हाय, मग देत कावून न्हाई?"

"नऊ नंबरचा माणूस यायचाय," चाचा सांगत होते.

"कोण माणूस? फोन आलाय का त्याचा?"

"फोन न्हाई. पण येतोय."

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा, आले."

दुसऱ्या कोणाला गहिवरून आलं असतं. मला एकच दिसलं. काउंटरमागच्या भिंतीवर खोल्यांच्या नंबरांची फळी होती, तिच्यावर पाच नंबरसमोर लाल दिवा होता. पाच दिली होती, पुढाऱ्याच्या माणसाला, आणि माझ्यासाठी परत तीच मागची खोली. पाच-सहा वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर आलं. तिथे तीस-चाळीस माणसं उभी होती. मी ओरडलो, "रुमालाखाली हात देऊन शब्द फिरवतो बे तू."

माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. आमच्याकडे दोस्त दोस्ताला 'बे' म्हणतो, धाकट्याला म्हणतो. मोठ्याला म्हणत नाही.

पांढरे कपडेवाला काउंटरपासून मागे सरला. 

चाचा हळू आवाजात म्हणाले, "बे म्हना शेठ, चालंल. शब्दाचं कावून काढलं?"

 त्यांनी हातावरचा रुमाल काढला, त्याची बारीक घडी घातली आणि खणात ठेवून दिला. मग नऊ नंबरचं कार्ड दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. कोटाच्या मोठ्या बाहीतून त्यांचं मनगट बाहेर आलेलं दिसत होतं. तो हात मी पहिल्यांदाच रिकामा पाहत होतो.

दिवाळी झाल्यावर परत गेलो. काउंटरवर एक हुशार, चटपटीत मुलगी होती. "वेलकम सर, हाऊ मे आय हेल्प यू." बरोबर म्हणाली, एकही शब्द चुकला नाही.

"चाचा कुठायत?"

"ते सोडून गेले सर. गुडघे दुखायचे, उभं राहवत नव्हतं. परभणीला मुलीकडे असतात आता." तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "पाच नंबर रिकामी आहे सर. आमची सगळ्यात छान व्ह्यू असलेली खोली. देऊ?"

इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी दात ओठ खाल्ले, ते तिनं न मागता पुढे केलं. भाव करायलाही जागा ठेवली नाही.

वर गेलो. चहा मागवला, बशीत कप ठेवला, पडदा सरकवला. माझ्या फुटपाथसमोर बरोबर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उभा होता. त्याची पाठ माझ्याकडे. पांढरं कापड, बांबू, सुतळ्या. मी मान वाकडी करून, खुर्चीवर चढून पाहिलं. फुटपाथचा एक वीतभर तुकडा दिसला, त्यावर कोणाची तरी स्कूटर लावलेली. तेवढंच. आणि हॉर्न. रिक्षांचे, एसट्यांचे, वरातींचे. सकाळी उठलो तो डोळे लाल करून, जगावर चिडून.

खाली उतरलो. फ्लेक्सच्या कडेला सीताफळांचा गाडा होता. गाड्यावरच्या माणसाचं नाक पाहिलं आणि ओळखलं. चाचांचं नाक. मी काही ओळख दिली नाही. घरी न्यायला अख्खी क्रेट घ्यावी म्हणून भाव विचारला. भोवती बायका निवडत उभ्या होत्या. त्यानं गळ्यातला रुमाल काढला. "क्रेटचा भाव चारचौघींत कावून फोडू? हात द्या."

मी आत हात घातला आणि पंजा दाबला. पाच. पाचशे.

तो एकदम खूश झाला. भावाचं एक अक्षर बोलला नाही. रिकामी क्रेट ओढली आणि फळं निवडायला लागला. एकेक फळ हातात घेऊन, डोळे उघडलेत का पाहून, कानाशी नेऊन. "ही आजची. ह्या बाजूला उद्याची. खालची परवा काढा, आधी हात लावू नका."

"हे काय चाललंय?"

"निवडतोय. तुमीच सोडलं ना माझ्यावर."

"मी? कधी?"

"आत्ता. पंजा दिला न्हाई का? आमच्यात पंजा दिला म्हंजे 'तुमच्यावर सोडलं'. तुमी ठरवाल ते. लई कमी लोक देतात. दिला की माणूस पोटच्या पोरासाठी निवडल्यागत निवडतो."

मी गाड्याच्या कडेला हात टेकला.

"अन् पाच कसे सांगता?"

"पाचाला चार बोटं धरायची, मग अंगठा येगळा." त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी कुठले?"

"घाटनांदूर."

"नऊ नंबरवाले शेठ का?" तो हसायला लागला. "भाईजान घरी सांगायचे. म्हणायचे, एक गिऱ्हाईक हाय, पयल्याच दिवशी सगळं माझ्यावर सोडलं, अन् दर वेळी माझ्यावरच चिडतंय. काय कमी पडतंय ते कळंना झालंय."

मी त्याला फोन लावायला सांगितलं. त्यानं लावला आणि माझ्या हातात दिला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"घाटनांदूरचा."

"या," ते म्हणाले. फोनवरही. "कावून आलात?"

 मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणालो, "चाचा, आमच्या बैलबाजारात पंजा म्हंजे पाच."

पलीकडून एक बारीक खोकला, आणि त्या खोकल्यातून हळूहळू वर येणारं हसू.

"पाच? पाच नंबर पायजे होता तुमाला?"

"पयल्या दिवसापासून."

"या अल्ला. मग बोलला कावून न्हाई?"

"दाबलेला आकडा बोलतेत का?"

"न्हाई बोलत," ते म्हणाले. हसू थांबलं. "खरं हाय. न्हाई बोलत."

"मी तुमाला बे म्हणलो."

"बेचं सोडा."

ते फोन तसाच धरून थांबून राहिले. ते कशासाठी थांबलेत ते मला कळत होतं. सीताफळं निवडणाऱ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. दसऱ्याला मी चारचौघांत बोललो होतो, हेही चारचौघांतच बोलायला पाहिजे होतं. मी चौकात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "तुमचा शब्द पक्का होता, चाचा. शब्द फिरवला न्हाई तुमी."

"मग झालं," ते म्हणाले. आणि विचारलं, "आता किती नंबरला हाव?"

"पाचला."

"झोप लागली?"

"न्हाई."

"कशी लागंल? पयल्या दिवशी तुमी काउंटरला टेकून उभे होतात, अन् डोळे आपोआप मिटत होते. म्हणलात, भांडायला आलोय. भांडणाऱ्याला आधी झोप पायजे. मागची खोली ती. हॉर्न न्हाई, वरात न्हाई. जावा, नऊ मागून घ्या. माझं नाव सांगू नका, आता तिथं कोन वळखतंय मला."

क्रेटचा भाव भावानं सांगितला तो मी मुकाट्यानं दिला. फळं तशीच पिकली, आजची आज, उद्याची उद्या.

पुढच्या खेपेला मी काउंटरवर म्हणालो, "नऊ नंबर."

मुलगी ओशाळली. "सर, मागच्या खोल्यांना मागणी नव्हती. नऊ नंबर आता लाँड्रीला दिलीय."

मी वर जाऊन पाहिलं. दार उघडंच होतं. पलंग गेला होता. फळ्यांवर छतापर्यंत चादरी, टॉवेल, आणि खिडकीशी पांढऱ्या रुमालांची चळत, कडक इस्त्रीची. बाहेर कडुलिंब होता, गच्ची होती. चौकाचा आवाज खरंच येत नव्हता. मी वरचा एक रुमाल उचलला.

चाचांवरचा पहिला राग माझा फिटला. दुसरा अजून आहे. मला न सांगता गेले. पाच-सहा वर्षांचा व्यवहार, एक फोन करता आला असता. परभणीला जाऊन तोंडावर सांगणार आहे.

खाली आलो तेव्हा मुलीनं विचारलं, "मग कोणती देऊ सर?"

मी पाटीकडे पाहिलं नाही, फळीकडे पाहिलं नाही. म्हणालो, "तुमच्यावर सोडलं."

तिला आनंद झाला. तिनं लगेच पाच नंबरचं कार्ड काढलं. मी ते घेतलं. वरून आणलेला रुमाल तेवढा काउंटरवर ठेवला, डाव्या बाजूला, जिथे चाचांचा हात असायचा.

"हा लाँड्रीत टाकायचाय का सर?"

"न्हाई," मी म्हणालो. "असू द्या तिथंच."